टाकीला पेंड

आम्लता मोजायची पट्टी गॅसच्या टाकीतल्या स्लरीत तीन सेकंद बुडवायची, बाहेर काढून झटकायची आणि अर्धं मिनिट थांबायचं. मीनाक्षीने घड्याळात बघून अर्धं मिनिट मोजलं. जी पट्टी हिरवी व्हायला हवी होती ती आधी पिवळी झाली, मग कडेने नारिंगी. तिने ती डबीवरच्या रंगांशी जुळवून पाहिली. पाच आणि सहाच्या मध्ये; सात यायला हवे होते. दुसरी पट्टी बुडवली. तीही तशीच.

वासही बदलला होता. रोजचा शेणकट वास जाऊन आता आंबलेल्या ताकासारखा, नाकात चढणारा वास येत होता. गॅस साठला की जो लोखंडी टोप कमरेएवढा वर तरंगायचा, तो आज विटांच्या काठाला टेकून बसला होता.

"बनाबाई," तिने हाक मारली, "टाकीत काय घातलंत?"

बनाबाई खानावळीच्या मागच्या मोरीवर ताटं विसळत होती. ताटातलं खरकटं गोळा करायचं, मिक्सरमधून काढायचं आणि टाकीत ओतायचं, हे काम चार वर्षं तिच्याकडे होतं.

"रोजचंच की ओ बाई. भात, आमटी, भाकरीचं तुकडं."

"आणखी?"

"आनि काय न्हाय."

"बनाबाई."

बनाबाईने ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले. "वाईच पेंड घातली."

"कसली पेंड?"

"सरकीची. घरातनं आणली हुती. शुक्कारपासनं रोज एक घमेलं."

"पण कशासाठी?"

"आता काय सांगायचं तुमास्नी! बेस्तरवारी सायेब लोक येणार, टोप वर दिसाय पायजे, असं तुमीच म्हणत हुता न्हवं? मग म्हटलं, म्हशीला कसं, चार दिस पेंड वाढवली की धार वाढतीया. माझी थोरली म्हस पेंडीवर एका वक्ताला सात लिटर देतीया. म्हटलं, ही बी खातीयाच की सगळं. बाईंचं काम हुईल."

"ही म्हैस नाही हो."

"ते कळतंय की मला. पर आत जीव हाय न्हवं? बारीक बारीक जीव असत्यात, त्यास्नी पोटभर घालाय पायजे, तुमीच सांगितलंय."

सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी, याच मोरीपाशी उभं राहून, बनाबाईला समजेल अशा भाषेत सांगितल्याचा तिला तेव्हा अभिमानही वाटला होता. जे सांगितलं नव्हतं ते असं होतं: आतल्या जिवांचे दोन गट असतात. एक अन्न फोडून त्याची आम्लं करतो, दुसरा ती आम्लं खाऊन गॅस करतो. पहिला गट आधाशी, दुसरा सावकाश. एकदम भारी खाद्य पडलं की पहिल्याची चंगळ होते, आंबटपणा वाढत जातो आणि त्यात दुसरा गट मरायला लागतो.

"आता ओ?" बनाबाईने विचारलं.

"आता उपास. दहा दिवस काहीही टाकायचं नाही. चुन्याची निवळी आणि ताजं शेण, बस."

"आनि सायेब लोक तर परवा येणार!"

"हो. परवाच."

बनाबाई मोरीवर बसली. "माझ्या हातालाच किडं पडलं म्हणायचं," ती पुटपुटली आणि डोळ्यांना पदर लावला. मीनाक्षीला तिची समजूत काढायला हवी होती. पण आत खोल कुठेतरी तिला चक्क हायसं वाटत होतं, आणि त्याचीच तिला इतकी चीड आली की ती पट्ट्यांची डबी पिशवीत टाकून निघाली.

*

मीनाक्षी एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात प्रयोगशाळा सहायक होती. एकोणीस वर्षं. बीएस्सीला पहिला वर्ग मिळाला होता, एमएस्सी राहून गेलं. मुलांच्या प्रयोगांसाठी माध्यमं शिजवायची, परीक्षानळ्या निर्जंतुक करायच्या, फुटलेल्या काचेची नोंद ठेवायची. दर जूनला नवी मुलं येत आणि तिला 'मावशी' म्हणायचं की 'मॅडम', यावर आठवडाभर घोटाळत.

टाकी मात्र तिची होती. दोन हजार दोन साली विभागप्रमुख नृसिंह सरांनी खानावळीच्या उष्ट्यापासून गॅस करायचा प्रकल्प घेतला, आणि स्टँडजवळच्या गुरुसिद्धअण्णांनी आपल्या खानावळीमागची जागा दिली. आराखडा सरांचा होता. पण खड्डा किती खोल, टोपाला गळती कुठे, उष्टं किती पातळ करायचं, थंडीत टाकीला उसाच्या पाचटाचं पांघरूण किती जाड घालायचं, हे सगळं तिने शोधलं होतं. सरांचे दोन शोधनिबंध छापून आले. दोन्हींत शेवटी आभाराच्या ओळीत तिचं नाव होतं. एकात ते 'मिनाक्षी' असं छापलं होतं.

आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा ट्रस्ट शहरातल्या वीस हॉटेलांमागे अशा टाक्या बसवून देणार होता. त्या वीस टाक्यांवर एक तांत्रिक अधिकारी नेमायचा होता आणि सरांनी प्रस्तावात तिचं नाव घातलं होतं. स्वतःचं टेबल, स्वतःची सही. कायमची नेमणूक. गुरुवारची पाहणी नीट पार पडली की झालं.

आणि नेमकं हेच तिला जानेवारीपासून झोपू देत नव्हतं.

ती रोज नोंदवहीत पाच आकडे लिहायची: आम्लता, तापमान, शेगडी किती मिनिटं जळली, जेवणाची ताटं किती, टाकीत गेलेलं अन्न किती किलो. सरांना त्यातला फक्त तिसरा आकडा लागायचा. पहिल्या वर्षी शेगडी दीड तास जळत होती, आता तीन तास. हा चढता आलेख सर प्रत्येक परिसंवादात पडद्यावर दाखवायचे आणि टाळ्या पडायच्या. जानेवारीत एका सुट्टीच्या दिवशी तिने सहज शेवटच्या आकड्याचाही आलेख काढला. पहिल्या वर्षी दिवसाला चौदा किलो अन्न टाकीत जात होतं. आता सत्तावीस. ताटं तेवढीच होती, दोनशे-सव्वादोनशे. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून तिने खिडकीच्या उजेडात धरले. एकच रेघ दिसत होती.

गॅस वाढला होता, कारण लोक जास्त टाकत होते. आणि लोक जास्त टाकत होते, कारण टाकी होती.

त्यानंतर तिला ते जिथे तिथे दिसायला लागलं. पूर्वी दुपारचा भात उरला तर संध्याकाळी फोडणी घालून कामगारांना मिळायचा. कडक भाकरीचा कुस्करा व्हायचा. आमटी दोनदा, बेताने केली जायची. आता एकदाच मोठं पातेलं चढायचं. दाराजवळ अण्णांनी वर्तमानपत्राचं कात्रण काचेत लावलं होतं आणि त्याखाली रंगवून घेतलं होतं: 'येथे उरलेल्या अन्नापासून गॅस तयार होतो.' गिऱ्हाईक हात धुताना ते वाचायचं आणि भरलं ताट मागे ठेवून निर्धास्त जायचं.

फेब्रुवारीत तिने एक गोष्ट करून पाहिली. सरांना न सांगता. वाढपी प्रभुलिंगला तिने चौदा दिवसांसाठी लहान डाव आणून दिला आणि सांगितलं, विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढायचं नाही. उरलेलं किती ते वजनकाट्यावर टाकून रोज संध्याकाळी आचाऱ्याला सांगायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा अंदाज त्यावरून. एवढंच. सहाव्या दिवशी अन्न सोळा किलोवर आलं, दहाव्या दिवशी तेरावर.

चौदाव्या दिवशी अण्णा तणतणत आले. "म्याडम, गॅस कुटं गेला ओ? सकाळचं पाणी तापंना झालंय. आनि हे काय? लिंगायताच्या खानावळीत विचारून वाढायचं? गिऱ्हाईकानं आडवा हात धरला तरी हाताच्या खालनं वाढतो आमी! उद्या लोक म्हणतील, गुरुसिद्धचा हात आखडला."

त्याच दिवशी सरांनीही विचारलं, "मिनिटं का कमी झाली, मीनाक्षीबाई? ट्रस्टला आकडे पाठवायचेत. गळती बघा."

"बघते," ती म्हणाली होती.

त्या वेळी सांगायला हवं होतं. आकडे हातात होते, सर समोर होते, दार बंद होतं. तिने मोठा डाव परत दिला. ते चौदा दिवस वहीत तिने पेन्सिलने लिहिले. पुढे मार्च, एप्रिल, मे. दर सोमवारी ती ठरवायची आणि दर शनिवारी पुढच्या सोमवारवर ढकलायची. टाकी नापास झाली तर आपण नापास, हे तिला समजत होतं. पण टाकी पास झाली तर वीस ठिकाणी असंच होणार, हेही समजत होतं. शास्त्र शिकलेल्या माणसाला ही दुसरी गोष्ट समजल्यावर पहिलीचं वजन राहायला नको होतं. राहत होतं.

*

बुधवारी दुपारी सर स्वतः खानावळीत आले. टाकीभोवती दोन चकरा मारल्या, नाकाला रुमाल लावला आणि मीनाक्षीला घेऊन आतल्या बाकावर बसले. अण्णांची आई दानम्मा पलीकडच्या कोपऱ्यात जेवत होती. सगळे तिला अव्वा म्हणत.

"किती दिवस लागतील?" सरांनी विचारलं.

"दहा. कदाचित पंधरा."

"पाहणी उद्या अकराला आहे."

"पुढे ढकलता येणार नाही का?"

"तीनदा ढकलली आहे त्यांनीच. आता नाही म्हटलं तर पैसा सांगलीला जाईल." सर जरा पुढे झुकले. "हे बघा, टाकी चार वर्षं चालली, हे खरं आहे की नाही? उद्या एक दिवस आजारी आहे. माणूस आजारी असला तर आपण त्याची अख्खी नोकरी खोटी म्हणतो का? मी अण्णांशी बोललोय. आतल्या सिलिंडरची नळी भिंतीमागून त्या शेगडीला जोडतील. ज्योत निळीच दिसते. टोपाखाली दोन विटा लावा. फसवणूक नाही ही. जे रोज दिसतं तेच दाखवायचंय."

"सर, मला एक बोलायचं होतं. टाकीत जाणाऱ्या अन्नाबद्दल."

"परवा बोलू. उद्याचं होऊन जाऊ दे." ते उठले, मग थांबून हसले. "अहो, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं. मला काय, मी दोन वर्षांत निवृत्त."

ते खरं होतं, म्हणून अधिकच वाईट होतं. सर गेले. प्रभुलिंग समोरच्या रांगेत आमटी वाढत निघाला होता. एक पांढऱ्या टोपीवाला माणूस दोन्ही हात ताटावर धरून ओरडत होता, "बास! बास रं बाबा!"

"घ्या की पावणं! काय पोरीच्या घरी जेवालाय व्हय, लाजायला?"

"आरं, पोट फुटंल!"

"राहिलं तर राहू द्या की. टाकी हाय!"

आमटी पडली. त्यावर भात पडला. टोपीवाल्याने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

कोपऱ्यात अव्वाचं जेवण संपलं होतं. तिने ताटात थोडं पाणी ओतलं, कडेला चिकटलेली शितं बोटाने सोडवली आणि ते पाणी पिऊन टाकलं. ताट असं झालं की धुवायची गरज नव्हती. मग तिची नजर मीनाक्षीवर पडली.

"काय गं तंगी," धाकट्या बहिणीला मारायची कानडी हाक मारत तिने विचारलं, "तोंड असं का करून बसलीस?"

"काही नाही अव्वा. टाकी बिघडलीय."

"बरं झालं."

मीनाक्षीने वर पाहिलं.

"रागवू नको. आधी भात उरला की मी ह्या गुरुसिद्धाला शिव्या घालत हुतो. प्रसाद हाय त्यो, टाकू नये. ते बी ऐकत हुतं, घाबरत हुतं. आता शिव्या घालाय गेलं की म्हणतंय, 'अव्वा, त्यो भात न्हवं, गॅस हाय.' मग मी शिव्या कुनाला घालू? गॅसला?" अव्वाने ताट उचललं. "माझं एवढं एकच काम हुतं ह्या घरात. ते बी तू काढून घेतलीस."

ती मोरीकडे निघून गेली. तिने हे विनोदाने म्हटलं की मनापासून, ते मीनाक्षीला कळलं नाही. तिने पिशवीतून वही काढली, पेन्सिलने लिहिलेली पानं उघडली, आणि मग पेन काढून ते चौदा दिवस शाईने गिरवायला बसली. चार वाजेपर्यंत ते काम पुरलं.

*

गुरुवारी अकराला पाहुणे आले. ट्रस्टचे अधिकारी सौमित्र, तिशीचे, पुण्याहून आलेले, बोलायला साधे. सोबत एक छायाचित्रकार. अण्णांनी गुलाबाचे हार आणले होते. बनाबाई नवं लुगडं नेसून भिंतीला चिकटून उभी होती. टोप विटांवर चढून चांगला वर आला होता. वास जावा म्हणून कोणीतरी उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला होता.

सरांनी शेगडीची कळ फिरवली. निळी ज्योत आली.

"वा," सौमित्र म्हणाले. "वासही नाही फारसा."

"शास्त्रशुद्ध," सर म्हणाले.

छायाचित्रकाराने ज्योतीचा फोटो घेतला, मग अण्णांचा, मग अण्णा आणि ज्योत दोघांचा. सौमित्र मात्र खिशातून एक कागद काढून काहीतरी शोधत होते.

"आमच्या विश्वस्तांचा मुख्य प्रश्न हा आहे," ते म्हणाले, "की अन्न वाया जाण्याचं प्रमाण किती कमी झालं? गॅस हा फायदा आहेच. पण आमच्या कागदावर उद्दिष्ट ते आहे."

"शून्यावर आलंय," सर म्हणाले. "या खानावळीतून अन्नाचा एक कणही गटारात जात नाही."

"एक कण न्हाय!" अण्णांनी दुजोरा दिला. "पूर्वी कचऱ्याच्या कोंडाळ्याला कुत्री भांडायची साहेब. आता कुत्रंसुद्धा फिरकत न्हाय."

"छान. म्हणजे आधी किती आणि आता किती? आकडा लिहावा लागेल." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "नोंदी कोण ठेवतं?"

सर्वांनी मीनाक्षीकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं, आणि मान अगदी थोडी हलवली. पुढे बोलू नका अशी, की लवकर आटपा अशी, हे सांगता आलं नसतं.

तिने वही उघडून सौमित्र यांच्या हातात दिली. त्यांनी पानं चाळली. पहिल्या वर्षावर बोट ठेवलं, मग या वर्षावर.

"चौदा. आणि इथे सत्तावीस. हा गॅसचा रकाना का?"

"नाही," मीनाक्षी म्हणाली. "गॅसचा तिसरा. हा टाकीत गेलेल्या अन्नाचा."

"पण मग हे वाढलंय."

"हो."

"गिऱ्हाइकं वाढली असतील."

"ताटं तेवढीच आहेत. चौथा रकाना बघा."

सर पुढे आले. "त्याचं असं आहे, टाकीची पचनक्षमता आपण टप्प्याटप्प्याने—"

"सर, थांबा जरा." हे शब्द आपलेच आहेत याचं तिला नवल वाटलं. एकोणीस वर्षांत ती त्यांना कधी थांबा म्हणाली नव्हती. "फेब्रुवारीतली पानं बघा. चौदा दिवस टाकीला हात लावला नाही. फक्त डाव लहान केला, विचारून वाढलं, उरलेलं मोजून आचाऱ्याला सांगितलं. अन्न तेरा किलोवर आलं. गॅसही निम्म्यावर आला, म्हणून ते बंद करायला लागलं. तेव्हा मी काही बोलले नाही. तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

"म्याडम," अण्णा हळूच म्हणाले, "आज कशाला ओ हे?"

तिने खाली वाकून शेगडीची कळ बंद केली. ज्योत गेली. "ही ज्योतही टाकीची नाही. आतल्या सिलिंडरची आहे. टाकी शुक्रवारपासून आंबली आहे."

भिंतीपाशी बनाबाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझ्यामुळं झालं साहेब ते. बाईंचा काय दोष न्हाय. मी पेंड घातली."

"पेंड?" सौमित्र यांना काहीच समजेना.

"बनाबाई, तुमच्यामुळे नाही," मीनाक्षी म्हणाली. "टाकी दहा दिवसांत बरी होईल. ती मला बरी करता येते."

छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला होता. सर टोपाकडे बघत होते, त्याखालच्या विटांकडे. आणि त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता दमलेला होता. सौमित्र यांनी वही मिटली, पण परत दिली नाही.

"मग तुमचं म्हणणं काय?" त्यांनी विचारलं. "या वीस टाक्यांची देखभाल तुम्हीच बघणार आहात ना? प्रस्तावात तुमचंच नाव आहे. काय करायचं आम्ही?"

तिने एकदा टाकीकडे पाहिलं. विटांचा प्रत्येक थर तिने उभं राहून लावून घेतला होता.

"त्या वीस बसवू नका," ती म्हणाली. "आणि ही मी बंद करतेय."